लाल दोऱ्याची डवली

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
द्वारकावैनी कुबलांची खानावळ.
पाच बाकडी, चुलीवर तीन टोप, टोपांत तीन डवल्या.
चौथी खिळ्याला टांगलेली,
दांड्याला लाल दोरा.
तिची गोष्ट वैनी सांगत नाही.
चूक माझी होती, म्हणून मी सांगतो.

तेव्हा मी सतरा वर्षांचा, ताटं उचलण्यात पटाईत.
पोस्टात बदली होऊन आलेला एक माणूस, बडोले नावाचा,
हळू आवाजात म्हणाला,
"कोलंबी, सुकट, जवळा, काही नको. मला चालत नाही."
"डाळच आहे साहेब," मी म्हटलं.
आणि डाळच होती.

डवली मात्र शेजारच्या टोपातली.
कोलंबीच्या कालवणाचा एक ओघळ,
नखाएवढा.

चार घास झाले असतील.
ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या,
श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.
रिक्षात त्याचं डोकं वैनीच्या मांडीवर,
त्याच्या चपला माझ्या हातात.
इस्पितळाच्या पायरीवर मी त्या धरून बसलो
रात्री दहापर्यंत.

वाचला.

घरी येताना वैनी ओरडली नाही. एवढंच म्हणाली,
"तू खोटा नाय बोललंस.
इचारलंस नाय, इतक्याच."
दुसऱ्या दिवशी नवी करवंटी घासली,
दांडा बसवला, दोरा गुंडाळला.

मग एकेक गिऱ्हाईक मला नव्याने दिसायला लागलं.
सोमवार धरणारा रिक्षावाला.
सांगलीहून आलेलं जैन जोडपं, कांदा-लसूण-बटाटा नको म्हणणारं.
वैनीने कांद्याची विळी उचलून परसात ठेवली
आणि ते विचारायच्या आधीच सांगितलं,
"सोलकढीत लसूण आसा हां."
रोज्यांच्या दिवसांत बर्फगाडीवरचा अन्वर मुकादम
संध्याकाळचं पार्सल न्यायला येतो;
तो उभा असेतो
वैनी टोपावर ताट उपडं घालते,
वाफ त्याच्या नाकाशी जाऊ नये म्हणून.

माणसं ओशाळून कारणं देत बसतात.
डॉक्टर म्हणाले, नवस आहे, लहानपणापासून असंच.
एकदा एक बाई सुरमई नको म्हणाली, पुढे काही बोलेचना,
डोळे समुद्राकडे.
वैनी म्हणाली, "कारण सांगू नको गो. काय नको ता सांग."

आणि मी, आग्रहात वाढलेला,
"एवढ्याशानं काय होतंय" म्हणत
बिनसाखरेच्या चहात अर्धा चमचा टाकणाऱ्या घरातला,
आता कपापाशी हात आवरतो.

आठ महिन्यांनी बडोले पुन्हा दारात.
उंबऱ्याबाहेरच थांबले, पाटीवरचं नाव
पहिल्यांदाच वाचतोय असं दाखवत.
मग त्याच बाकड्यावर बसले.
"उसळीत काय काय आहे?"

वर्षभरापूर्वी उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं.
"मला माहीत नाही," मी म्हटलं,
"आत विचारून येतो."

आत वैनीने खिळ्यावरची डवली आधीच काढली होती.
दोरा धुराने, हळदीने
सुकलेल्या आमसुलासारखा झालेला.

ते सावकाश जेवले. दर घासाआधी जरा थांबत.
मी दूर उभा, पाण्याचा तांब्या धरून.

मग त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं
आणि भात मागितला,
दुसऱ्यांदा.