दुरुस्ती, ३:५८

२:०५
सभापती आले. राजदंड मेजावर ठेवला गेला.
प्रार्थना. सगळे उभे, मीही,
एका हाताने लॅपटॉप पोटाशी धरून.
पत्रकार कक्षातलं एकुलतं सॉकेट
ओगाडाच्या कॅमेऱ्याने अडवलंय.
बॅटरी चौसष्ट टक्के. हे मी लिहीत नाही.

२:२०
विषय क्रमांक सात: ओसेन्या किनाऱ्यावरचा मासळीबाजार
चार किलोमीटर आत, डांबरी रस्त्यालगत हलवणे.
लिहिते.
संपादकाचा निरोप येतो: छोटी वाक्यं.
दर तीन मिनिटांनी काहीतरी हवं.
काही घडत नसेल, तर काय घडत नाहीये ते.

२:४१
माननीय सदस्य ओकुमु आकडे वाचताहेत.
आकड्यांना कुणाची हरकत नाही,
कारण कुणी ऐकतच नाही.
मागच्या बाकावर एक जण बूट काढून बसलाय,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
लिहिलं. खोडलं.

कोपऱ्यात आकडा लुकलुकतो: वाचक त्रेचाळीस.
कोण असतील? दोन-चार कारकून,
गव्हर्नरच्या कचेरीतला कुणी पाळतीवरचा,
परदेशी गेलेला एखादा भाचा, रात्रपाळीत.
त्यातला एक म्हणजे अठरा बायका आहेत
हे मला शनिवारपर्यंत कळणार नव्हतं.
लोल्वे सरोवराच्या काठी, पालथ्या होडीवर बसून
शाळा बुडवलेली अमोंडी
माझी इंग्रजी वाक्यं धोलुओत उलथत होती
तव्यावरचा मासा उलथावा तशी,
काही मोडत, काही अंगचीच चिकटत.

३:५२
होय म्हणणारे?
भिंतीवर आपटून परत आलेला होय.
नाही म्हणणारे?
बारीक, पण बराच वेळ रेंगाळलेला.
‘माझ्या मते होयची सरशी आहे.’
त्यांचं वाक्य संपायच्या आत माझी बोटं पोचली होती.
ठळक अक्षरांत: ठराव मंजूर. बाजार हलणार.
वाचक दोनशे सहा.

मग सात जण उभे राहिले, मोजणी मागत.
घंटा वाजली. कॅन्टीनमधले चहा अर्धा टाकून धावत आले.
बूट काढलेला सदस्य
एकाच बुटात मत द्यायला गेला.

३:५८
होय एकोणीस. नाही वीस.
दुरुस्ती: आधीच्या नोंदीत ठराव मंजूर झाल्याचे म्हटले होते.
तो फेटाळण्यात आला आहे. आम्ही दिलगीर आहोत.
आम्ही म्हणजे मी. बॅटरी नऊ टक्के.

सहा मिनिटं.
एवढ्यात अंडंसुद्धा नीट उकडत नाही.
एवढ्यात मिन ओबुराने तिचा वजनकाटा विकला,
लोखंडी, साखळीचा, सगळ्या वजनांसकट,
अर्ध्या किमतीत, एका दलालाला.
तो नेमका तेव्हाच तिथे कसा उभा होता,
त्याच्या हातातही फोन होता का,
पुढची ओळ वाचायला तो थांबला होता का,
हे कुठल्याच नोंदीत नाही.

शनिवारी किनाऱ्यावर गेले.
ओळखलं ते एकट्या अमोंडीने:
‘फोटोत तुम्ही जाड दिसता.’
मग सगळं तिनेच सांगितलं, वाळूत पाय खुपसत,
माझ्याकडे न बघता.

मिन ओबुराने एक तिलापिया उचलला,
तळहातावर धरला, नजर पाण्यावर.
म्हणाली, सव्वा किलो.
मी पैसे दिले. जास्तीची नोट तिने
ओल्या बोटांनी माझ्याकडे परत सरकवली.
‘घरी कमी भरलं,’ ती म्हणाली,
‘तर दुरुस्ती टाक.’
बायका हसल्या. मीही, जरा उशिराने.

घरी काटा आहे, ओट्यावरच असतो.
मासा मी तसाच पातेल्यात सोडला.