पासंग

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात हाडं ठिसूळ निघाली.
डॉक्टरीण म्हणाली, वजनं उचला.
मला हसूच आलं. मी, वजनमापे निरीक्षक, लष्कर विभाग.
दाल बाजारात माझ्या जीपचा आवाज आला
की तागड्यांखालचे पासंग आपोआप गळून पडायचे.

कंपूच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर व्यायामशाळा.
खाली गजकवाला तीळ कुटतो, वर आम्ही.
ठोके कधी कधी जुळतात.
शिकवणारी शिवानी भदौरिया, वय चोवीस,
मला मॅडम म्हणते आणि दया दाखवत नाही.

पहिल्या दिवशी काटा: एकसष्ट किलो दोनशे.
तीन आठवडे खुर्ची नसताना खुर्चीत बसले, उठले.
मांड्यांनी जिन्याशी उभा दावा मांडला.
जिलबी सोडली. भात निम्मा.
बाविसाव्या सकाळी: बासष्ट किलो सहाशे.

मग मी काय केलं, ते कुणाला सांगू नका.
निरोपाला मिळालेलं पाच किलोचं पितळी वजन
कपाटातून काढून काट्यावर ठेवलं. पाच.
चारी कोपऱ्यांत सरकवून पाहिलं.
पाच, पाच, पाच, पाच.
काटा निर्दोष.
मग मापात पाप कुणाचं?

बाटलीचं झाकण लावत शिवानी म्हणाली, पानी है, मॅडम.

पाणी!
हरभऱ्याच्या गोणीवर रात्री पाणी शिंपडणारे
किती पकडले मी.
दाणा मुठीत खुळखुळवला की कळायचं,
ओला दाणा वाजत नाही.
आणि आता माझंच शरीर अंधारात गोण्या भिजवतंय.

तसं नाही, ती म्हणाली.
नवं काम पडलं की स्नायू सुजतो,
स्वतःला सांधताना पाणी धरतो,
पुढच्या खेपेसाठी साखर साठवतो,
साखर आपलं पाणी सोबत आणते.
मला समोरच्या प्लॉटवरची बाई आठवली,
पाइप धरून नव्या भिंतीवर
सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारी.
त्या पाण्याला कोणी चोरी म्हणत नाही.

तेव्हापासून रोज, चहाच्या आधी, आकडा वहीत.
लोणचं जास्त झालं की वर. पोट साफ नसलं की वर.
नात्यातल्या लग्नानंतरचं तर विचारूच नका.
एका मोजणीवर मी कधी कुणाचं दुकान बंद केलं नाही,
स्वतःला मात्र एका सकाळीत दोषी धरलं होतं.
आता सात दिवसांची सरासरी. सरकारी सवय.

दोन महिन्यांनी सरासरी एकसष्ट आठशे.
म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्तच.
पण परकराची नाडी चार बोटं जास्त उरते,
आणि वरच्या फळीवरचा पितळी टोप
मी कुणाला हाक न मारता खाली घेतला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
आमच्या खात्याच्या छापील नमुन्यात तो रकानाच नव्हता.

काल वीस किलोचं लोखंड जमिनीवरून उचललं.
कडी तळव्यात रुतली आणि हात थबकला.
हेच वजन, अशीच कडी,
सत्तावीस वर्षं रामाधार जीपमधून उतरवायचा,
दुकानाच्या पायरीवर ठेवायचा,
पुन्हा जीपमध्ये चढवायचा, दिवसाला वीसदा.
मी शिक्का मारायचे. कागदावर सही माझी.
तो पासंगासारखा, कुठल्याच हिशेबात नसलेला.

संध्याकाळी भिंडला फोन लावला.
म्हटलं, रामाधार, कंबर कशी आहे तुझी?
तिकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
मॅडम, आज अचानक?