चिठ्ठी कुठाय?

रबाळ्यात, तलावाच्या अलीकडे माझं दुकान.
दहा बाय बारा, त्यातलं बरंचसं फ्रीजनं खाल्लेलं.
भिंतीवर फ्रेममध्ये रजिस्ट्रेशन:
फोटोत माझे केस दाट आहेत,
आणि काचेआड कधीतरी शिरलेलं झुरळाचं पिल्लू
शिक्क्याशेजारी तसंच वाळून गेलंय.
बावीस वर्षांत तो कागद कुणी वाचला नाही.
इन्स्पेक्टर आले, त्यांनीही नंबर तेवढा उतरवून घेतला.

सकाळी एजन्सीचा पोऱ्या खोकी उतरवताना म्हणाला,
"शेठ, कायदा येतोय म्हणे.
डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं, काही ठरावीक औषधं,
तुमच्या सहीवर."
तुमच्या सहीवर, हे त्यानं असं सांगितलं
जसा माझ्या नावानं सातबारा निघाला.

मी हसलो.
अरे, चिठ्ठी इथे पाहिलीय कुणी?
एमआयडीसीची दुसरी पाळी सुटते
आणि काउंटरला येऊन टेकतात
कमरा, दाढा, पोटऱ्या.
"कायतरी द्या."
"पोराला ढाळ लागलेत, स्वस्तातलं बघा."
"ती लाल-पिवळी, मागच्या खेपेची. दोनच."
बटव्यातून निघतो गोळीच्या पट्टीचा तुकडा,
नाव नेमकं कापल्या बाजूला गेलेलं.
डॉक्टरला द्यायचे दीडशे, वर अर्ध्या दिवसाची हजेरी.
मला विचारायला काही पडत नाही.

मी देतो. दिलंय.
पट्टीवरच्या लाल रेघेवर अंगठा ठेवून
कात्री चालवलीय.
आणि ज्याला द्यायचं नसेल,
जो झोपेच्या गोळीसाठी दोनदा आला,
ज्याचे डोळे मला झेपले नाहीत,
त्याला मान वर न करता म्हणालोय,
"चिठ्ठी कुठाय?"
दोन शब्दांचं शटर.
ओढलं की आत मी सुरक्षित.

पण बिपिन नायकला चिठ्ठी लागतच नव्हती.
ओडिशाचा, प्रेसवर कामाला, बोटांना कायम ग्रीस.
मार्चमधली रात्र, अकराला पाच कमी,
मी कुलूप शोधत होतो.
"छाती में जलन है," म्हणाला,
मी ॲसिडिटीची बाटली ठेवली. बासष्ट रुपये.
कुठल्याही कायद्यानं, जुन्या किंवा येणाऱ्या,
ती मला देता येत होती.
पंखा चालू होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.
मी पाहिला. सुट्टे मोजताना पाहिला.
विचारलं नाही, कधीपासून,
विचारलं नाही, डावा हात जड झालाय का.

तिसऱ्या दिवशी त्याचा खोलीवाला बाटली घेऊन आला.
"सील नहीं टूटा है, वापस लोगे क्या?
गाँव भेजने के लिए पैसा जमा कर रहे हैं।"
मी बासष्ट रुपये परत दिले.
जास्त द्यायला हात उचलला होता,
मग वाटलं, कशाबद्दल म्हणून विचारेल.
बाटली अजून वरच्या फळीवर आहे.
विकता येत नाही, टाकता येत नाही.
तारीख पुढच्या वर्षीपर्यंतची.

तर येऊ दे कायदा. नाही आला तरी
मला त्याचं काही वाटणार नाही, असं म्हणवत नाही.
सही करायची हौस आहेच.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गिचमिड अक्षरांपुढे मान तुकवली,
कधी डोस चुकलेला दिसला, फोन केला,
"तू डॉक्टर आहेस का?" हे ऐकून ठेवून दिला.
फक्त मग शटर उरणार नाही.
मी आणि समोरचं कपाळ, मध्ये एक काच.

आज दुपारी कोल्ड्रिंकचे क्रेट हलवले
आणि तिथे एक स्टूल ठेवलं.
तिसरा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा सारलाय.
पहिल्या आल्या गावठाणातल्या हिराबाई मढवी,
प्रेशरची गोळी संपली म्हणून.
म्हटलं, बसा. चक्कर येते का? सकाळी की उठताना?
त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली,
मला नीट न्याहाळलं.
"काय रं," म्हणाल्या,
"आज गिऱ्हाईक नाय वाटतं?"