बिनसमुद्राचा किनारा

हेल्मेटची पट्टी माझ्या हनुवटीखाली अडकवत
मुबीन म्हणाला, ‘मॅडम, पायडल नुसतं फिरवत राहायचं,
जोर ती लावती.’
ती म्हणजे दांड्यावरची बॅटरी,
लहान मुलाच्या कंपासपेटीपेक्षा जरा लांब.

आम्ही पाचजण. लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं
जालन्याचं एक जोडपं, सारखं एकमेकांच्या मागंपुढं.
पुण्याहून आलेला एक पोरगा, टोपीवर कॅमेरा.
निलंग्याचे रिटायर पोस्टमास्तर बिराजदार,
ज्यांनी शेवटची सायकल चालवली ती टपाल खात्याची.
आणि मी.

पत्रकात छापलं होतं : किनाऱ्यावरची द्राक्षं आणि वाईन.
बिराजदार सकाळीच हसून घेत होते,
‘मराठवाड्याला किनारा?
टँकरच्या नळाखाली ओल असती, तेवढाच.’
मग पैठण मागं पडलं, एक चढ संपला
आणि नाथसागर समोर आला
पलीकडचा काठ न दाखवता.
बिराजदारांनी ब्रेक दाबला.
चष्मा काढून पुसला, परत घातला.
पाणी होतं तिथंच होतं.

सायकलीला आवाज नव्हता
म्हणून बाकीचे सगळे आवाज ऐकू आले :
पाण्यातल्या मोटारींची घरघर,
टिटवीची उगाच ओरड,
उसाच्या फडात कुणीतरी मोबाईलवर भांडत होतं,
‘मी कुठं नाही म्हणलो, मी कुठं नाही म्हणलो.’
लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी, एका पायावर,
गुलाबी म्हणावेत तर फिकट, पांढरे म्हणावेत तर नाही.

सोजरबाई घुल्यांची बाग.
तारांच्या मांडवाखालून त्या वाकून चालत होत्या,
आम्ही त्यांच्या मागं तसेच वाकून.
‘ही खायची न्हाईत. बी मोठं, साल जाड.
पोरगा म्हणला लाव, लावली.
अन् दारूची बाग नका म्हणू बरं, वाईनची म्हणा.
माझ्या माळकरी दिराला तेवढा फरक पुरतो.’

शेडमध्ये काचेचे पेले आले, घोट घोट.
पुण्याचा पोरगा डोळे मिटून म्हणाला, मिरी. ओलं लाकूड.
मला जांभूळ लागलं,
आणि गिळल्यावर जिभेवर
बाभळीच्या काडीनं दात घासल्याची तुरट खरखर.
‘तुम्ही घेतली का कधी चव?’
‘वास घेतला,’ सोजरबाई म्हणाल्या.
‘रस काढून रांजणात इसरून जावा, तसा.’

परतीला माझी बॅटरी गेली.
तीन हिरवे ठिपके, दोन, एक, मग काहीच नाही,
आणि सायकल अचानक
म्हशीएवढी जड झाली.
मुबीननं काही न बोलता आपली मला दिली,
माझी स्वतः हाणायला घेतली, उभा राहून, पायावर.
त्याच दमात बोलत राहिला :
‘आमचं जुनं गाव हितंच, खाली.
आजाचं दुकान होतं, भाड्याच्या सायकली,
चार आणे तास.
मे महिन्यात पाणी हटलं का दुकानाचा ओटा दिसतो.
गाव उठलं त्या आठवड्यात
एक सायकल गेली ती परत आलीच नाही.
नेणाऱ्याचं नाव वहीत होतं.
आजानं भांडी सोडली, वही नेली,
पण नाव कुणाला सांगितलं नाही.’

‘पत्ता नव्हता?’ बिराजदारांनी विचारलं,
जन्माची सवय.
मुबीननं हँडलवरून एक हात उचलला
आणि पाण्याकडं केला.

नंतर कितीतरी वेळ फक्त त्याच्या चेनची कुरकुर.
जालन्याच्या बाईंनी नवऱ्याच्या पाठीवर
तळहात टेकवला होता, सायकल चालवता चालवता,
पडल्या असत्या.

डेपोवर त्यानं चार्जर लावले, एकेक लाल दिवा.
पैसे आम्ही फोनवरूनच भरले होते,
तरी खिशातून लांबट वही काढली,
पेनाचं टोपण दातात धरून लिहिलं :
पाच नंबर. परत. सहा वाजून दहा.
आणि माझ्याकडं वही फिरवली,
‘मॅडम, हितं सही.’