डाव्या मांडीवरचं गवत

मी एकही सामना पाहिलेला नाही.
स्टँडखालच्या खोलीत माझी दोन यंत्रं,
वर पाय आपटले की छताचा चुना पडतो,
म्हणून कळतं, गोल झाला.
कुणाचा, ते संध्याकाळी.
जिंकले की कपडे विसरून जातात,
हरले की फेकून.

गोलकीपरची कोपरं मळतात.
पुढे खेळणाऱ्यांची जर्सी कधी कधी इतकी कोरी
की धुवायची कशाला, असं वाटावं.
आठ नंबर मात्र सगळीकडून मळलेला.
मधल्याचं असंच,
मागच्यांचं निस्तरायचं, पुढच्यांना नेऊन द्यायचं,
आणि फोटोत कडेला उभं राहायचं.

कोबिना एसुमान. घाना, सेकोंदी.
फेब्रुवारीत आला, उणे अकरा होतं,
पायात कापडी बूट.
कागदावर वय बावीस. असेल.
आमच्या भाषेतला पहिला शब्द शिकला तो ‘तेता’.
इथे मावशीलाही तेता म्हणतात,
आणि बसमध्ये जागा अडवून बसलेल्या बाईलाही.
‘तेता ओतीलिया,’ म्हणायचा, ‘इथे ऊब आहे’,
आणि टॉवेलच्या ढिगावर बसायचा.

त्या हिवाळ्यात क्लबने तीन महिने पगार दिला नाही.
तो आईला फोन लावायचा
यंत्राला पाठ टेकून.
मला त्याची भाषा येत नाही, पण एकदा विचारलं,
एवढं हसून काय सांगतोस?
म्हणाला, ती विचारते हा आवाज कसला,
मी सांगतो, समुद्राचा.
बंदरापाशी घर मिळालंय.

स्लोव्हाकियाला समुद्र नाही.
मी काही बोलले नाही.
पुढच्या वेळी चादरीही आत टाकल्या,
लाट जरा जड यावी म्हणून.

दर उन्हाळ्यात कुणीतरी यायचं,
काळा चष्मा, दोन फोन.
ऑस्ट्रिया म्हणायचं, बेल्जियम म्हणायचं,
त्याच्या पिंडऱ्या बघायचं, घोडा घेताना बघतात तशा.
मग ऑगस्ट उजाडायचा
आणि आठ नंबर परत माझ्या टोपलीत.

डाव्या मांडीवर गवत.
चार वर्षं, दर रविवारी, तिथेच.
डावीकडे घसरत जाऊन चेंडू काढायचा म्हणे,
समोरच्याला कळायच्या आत.
तो हिरवा डाग साबणाला दाद देत नाही,
व्हिनेगर लागतं, आणि शिव्या.
मी दोन्ही सढळ हाताने वापरले.

पाचव्या वर्षी, ऑक्टोबरात,
चड्डी आली ती डावीकडे पांढरी.
म्हटलं, असेल, सुका होता रविवार.
पुढच्या रविवारी पाऊस होता.
तरी पांढरी.

प्रशिक्षकाला माहीत नव्हतं. डॉक्टरला नव्हतं.
पेपरात छापून आलं, ‘अनुभवी, संयमी खेळ’.
मी चड्डी त्याच्यासमोर धरली फक्त.
त्याने पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवला,
जसा झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात,
जागं होऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी डाग होता.
हिरवागार, ठसठशीत, बरोबर जागेवर.
पण घसरणाऱ्याचं गवत एका दिशेने जातं.
हे वर-खाली होतं,
हाताने चोळलेलं,
कुठेतरी कुंपणामागे, कुणी बघत नसताना.

कुणाला दाखवायचं होतं ते?
तो कपडा माझ्याशिवाय कोण बघणार होतं?

मी व्हिनेगर घेतलं आणि धुतलं.
मे महिन्यापर्यंत, दर रविवारी.
शिव्या मात्र दिल्या नाहीत.

जूनमध्ये करार संपला.
सायप्रस, मग माल्टा, तिसरा की चौथा दर्जा,
दुपारी कुठल्याशा हॉटेलात भांडी.
आठ नंबर आता गुस्ताव हुडाकच्या नातवाकडे,
त्याचे केसच जास्त मळतात, जेलने.

परवा फोन आला.
ओरडून म्हणाला, तेता, ऐक, ऐक,
तुझं यंत्र!
आणि फोन लांब धरला असावा, वाऱ्यात कुठेतरी.

मला काहीच ऐकू आलं नाही.
इथे पिळायची फेरी चालू होती.
मी म्हटलं, हो हो,
ऐकतेय.