डॉड्स कुलूप शोधतात

बुधवारी दुपारी दोन ते चार.
डरममधल्या आमच्या छापचित्रांच्या खोलीत फक्त पेन्सिल चालते;
शाई नाही, पाणी नाही, ओली छत्री तर नाहीच.
हर्बर्ट डॉड्सनी न सांगता खिसे ट्रेमध्ये रिकामे केले
आणि हात जरा वर धरून उभे राहिले.
मग स्वतःशीच हसले. "सवय.
फक्त बाजू बदलली."

एकतीस वर्षं तुरुंगात. पहाऱ्यावर.

मी पेटी उघडली.
अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी
तांब्यावर मेण, मेणावर सुई, वर आम्ल,
आणि कुणीच न बांधलेले हे तुरुंग:
कमानीच्या पोटात कमान,
पुलावर जिना, जिन्याच्या पुढे जिनाच,
एक भलंथोरलं चाक, ना मोटेचं ना गाड्याचं,
आणि कशालाच न बांधलेला दोर.
भव्यतेवर बोलायचं मी ठरवून आले होते.

त्यांनी भिंग मागितलं.
"कुलूप कुठंय?"

बारा वर्षं ही पेटी माझ्या ताब्यात आहे.
मी शोधलं.
नव्हतं.

"जेवण आत कुठून सरकवतात? बादली कुठे?
आणि ही उंची! आमच्याकडे
उशीवर डोकं टेकलं की पाय संडासाला लागत.
दोन दारं एका वेळी उघडी नसायची कधी,
मागचं लागल्याचा आवाज आला की मगच पुढचं.
इथं तर दारच नाही.
किल्ली न धरलेल्या माणसाचं काम हे."

वरच्या सज्जात मुंगीएवढा एक माणूस,
हात उंचावलेला. कैदी की पाहुणा,
कुणालाच ठाऊक नाही, मी म्हटलं.

ते फार वेळ वाकून राहिले. श्वास काचेवर.
"कैदी असा ओरडत नाही.
तो पलीकडच्या कोठडीपुरतं ओरडतो, मोजून.
हा वाट चुकलेला पहारेकरी आहे."

मी सांगितलं, छापताना चित्र उलटं होतं,
पत्र्यावर हा माणूस दुसऱ्या बाजूला असेल.
त्यांनी रिकाम्या कोपऱ्यात बोट नेलं,
कागदाला न लावता.
"म्हणजे इथून निघाला."

चार वाजले. ट्रेमधून चष्मा, बसचा पास,
आणि एक कडी, किल्ल्यांशिवायची.
दार उघडंच होतं.
तरी ते उंबऱ्यावर थांबले, पाठमोरे,
मी पेटीचं झाकण लावेपर्यंत.

खट् ऐकू आलं.
मग गेले.