मापाड्याचा जबाब

शाहूपुरीत, गुळाच्या बाजारात
एकतीस वर्षं मापाडी होतो मी.
लायसन अजून पाकिटात आहे, फोटोतल्या मिशा काळ्या.

भाचीची मुलगी त्रिशला विद्यापीठातून आली, वही उघडली.
"आजोबा, मोबाइलवरच्या माहितीच्या धंद्याला
सरकारनं नियम लावावेत का?"
म्हटलं, आधी सांग, काटा कुठं ठेवलाय?

आमच्यात चोरी नव्हती असं नाही.
ओलं बारदान, पारड्याखाली चिकटवलेली चिंच.
पण चोरीची जागा ठरलेली.
तपासनीस आला की हात नेमका तिथंच जायचा.

त्याही आधी, माझा आज्जा सांगायचा,
सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोन दलालांची बोटं आत,
आणि ज्याचा गूळ तो बाहेर उभा,
रुमाल कुठं हलतोय बघत.
कायद्यानं एवढंच केलं, रुमाल ओढला.
बाजार मरेल म्हणाले.
मेला नाही. एक दलाल तेवढा सांगलीला गेला.

"आता तुमच्याच नजरेचा लिलाव होतो," ती म्हणाली,
"पान उघडेस्तोवर. पापणी लवायच्या आत."
"आणि रुमाल?"
"'मी सहमत आहे' असतं ना, त्याच्याखाली."

परवा रात्री गुडघ्यानं झोपू दिलं नाही.
मोबाइललाच विचारलं, काय लावू.
फुकट सांगितलं त्यानं.
सकाळपासून तेलं, पट्टे, हप्त्यानं ऑपरेशन.
शेजारच्या आक्काताईंना अजून माहीत नाही माझा गुडघा.
काय विकलं मी? कितीला?
तोलाई, हमाली, अडत वजा जाता
माझ्या हाती काय? पट्टी कुठाय?

"पण नियमांचा खर्च छोट्यांना झेपत नाही, आजोबा,
मोठे आणखी मोठे होतात."
खरंय. लायसनची फी वाढली
तेव्हा बारके अडते आधी बुडाले,
बड्या पेढीनं पेढे वाटले.
म्हणून काय काटाच नको?
लिही: काटा हवा. फी ज्याच्या त्याच्या वजनानं.

जाताना तिनं एक कागद पुढं केला.
"संमतिपत्र. इथं सही."
चष्मा मागवला. चहाला साय धरली.
'सदर माहिती संशोधनासाठी व इतरत्र वापरण्यास...'
त्रिशला घड्याळ बघत होती.
मी 'व इतरत्र' वर रेघ मारली,
शेजारी आद्याक्षरं,
मग सही.